समाधी लावणं, समाधी घेणं

आमच्यात मढं झोपत न्हाय, बसतंय. ही एवढी गोष्ट त्या योगाच्या सरांना पहिल्याच सकाळी कुणीतरी समजावून सांगायला पायजे होती. सांगितली न्हाय. सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसत बसल्या, आन त्यात म्या बी होते.

सर म्हणजे अमरसिंह सर. बडोद्याकडं वाढलेले. मराठी बोलायचे, पण शब्द शोधत शोधत. योगदिनाच्या आधी आमच्या गावात शिबिर घ्यायला आले होते. गाव आमचं नळदुर्गच्या अलीकडं, हायवे सोडून आत. ट्रकांचा आवाज येतो, ट्रक दिसत न्हाईत. महादेवाच्या देवळापुढं मंडप टाकला, सतरंज्या आल्या, माईक आला, आन सकाळी सकाळी निम्मं गाव येऊन बसायला लागलं.

माणूस चांगलं शिकवायचा, खोटं कशाला बोलू. रोज एक निराळा योग. एक दिवस हठयोग. तो नाथांचा, म्हणले, गोरखनाथाच्या जोग्यांनी श्वास कोंडून, अंग तावून सुलाखून काढलेला. तुमच्या सोनारीच्या भैरवनाथाला जोगी येतात ना, ती त्याच घराण्यातली माणसं, म्हणले. मग म्हैसूरचा. राजवाड्यातल्या तालमीत पोरांना शिकवलेला, सूर्यनमस्कारावर सूर्यनमस्कार, दम खायला जागा न्हाय. मग पुण्याचा, पट्टे, विटा, खुर्च्या घेऊन करायचा आन गुडघा जरा बी वाकडा चालायचा न्हाय. विटा आणा म्हणल्यावर गावातल्या रामलिंग गवंड्यानं बांधकामावरच्या खऱ्या विटा आणून टाकल्या, सर हसून बेजार झाले. अमेरिकेत म्हणं खोली तापवून करतेत. त्यावर म्या म्हणलं, सर, मे महिन्यात माझ्या पत्र्याच्या सैपाकघरात या, तसला योग म्या रोज करते.

ह्यातले कितीतरी प्रकार शंभर वर्षांच्या आतले हायत, असं बी ते सांगायचे. गावाला ते आवडलं न्हाय. धुळाप्पा म्हणून आमच्यातले एक जाणते हायत, लग्न असू दे न्हायतर मौत, सगळे विधी त्येच बघतेत. त्यांनी विचारलं, मग सगळ्यात जुना कुठला? सर म्हणले, त्याच्यावर उद्या बोलू.

त्याच दिवशी शेवटाला त्यांनी सगळ्यांना उताणं झोपायला सांगितलं. शवासन. शव म्हणजे प्रेत, प्रेतागत पडायचं. तर शेजारची कडूबाई मोठ्यानं म्हणली, "प्रेतागत? आमचं मढं तर बसतंय."

सर बी हसले. त्यांना काय कळणार. आमी लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतेत, कपाळाला विभूती, तळव्यावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग, आन तसंच खड्ड्यात नेऊन आतल्या कोनाड्यात बसवून पुरतेत. वर ओटा बांधला की त्याला म्हणायचं समाधी. माझी सासू नागूबाई, तिला आमी अव्वा म्हणायचो, आमच्या रानात चिंचंखाली तशीच बसलीय.

अव्वा गेल्यापासून माझ्या सासऱ्यांनी बोलणं सोडलं होतं. गुंडाप्पा त्यांचं नाव, घरात आमी आप्पा म्हणतो. दुखणं न्हाय, खुपणं न्हाय. माझ्या हातचं जेवायचे, ताट पुढं सरकवायचे आन खुर्ची उनात नेऊन बसायचे. माझे मालक शाळंत शिपाई. नवऱ्याचं नाव घेऊ नये, पण गोष्टीला नाव लागतंय, तर शिवपुत्र. बाप-लेकाचं भांडण न्हवतं आन बोलणं बी न्हवतं. एका खोलीत दोन कपाटं असतेत, तसे दोघं. आप्पांना शिबिराला म्याच नेलं. म्हणलं, चार माणसांत बसतील, तेवढंच बरं वाटंल.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्राणायाम चालू केला, तवा आप्पांनी कुणाला न विचारता आपली मांडी घातली. गळ्यातल्या चांदीच्या डबीतनं लिंग काढलं, डाव्या तळव्यावर ठेवलं, हात डोळ्यापुढं धरला आन बघत राहिले. डोळे उघडे, पापणी लवंना. नाकावर माशी बसली तरी लवंना. सर माईक सोडून त्यांच्यापुढं येऊन गुडघ्यावर बसले. हे कोणी शिकवलं, असं हळूच विचारलं. धुळाप्पा म्हणले, शिकवायचं काय, घरातलं हाय, शिवयोग म्हणतेत.

सर इतके खूश झाले की काय सांगू. सगळ्यात जुना कुठला विचारत होतात ना, तो इथं बसलाय, म्हणले. आसन म्हणजे मुळात बसणं, बाकीची उड्या-कोलांट्या माणसानं मागनं घातल्यात. सर बोलत होते, पण बायांकडची कुजबूज पार बंद झाली होती. मांडी, तळव्यावर लिंग, कपाळाला पांढरं. अव्वाला खड्ड्यात उतरवताना ती हुबेहूब अशीच होती.

त्यानंतर सरांनी माईक हातात घेतला आन योगाची आठ अंगं सांगितली. यम, नियम, आसन असं करत आठव्याला आले. आठवं समाधी. मग म्हणले, "समारोपाच्या दिवशी गुंडाप्पा आजोबा आपल्या सगळ्यांसमोर समाधी घेतील."

घेतील म्हणले बघा. ध्यानात समाधी लागते, माणूस ती लावतो, घटकाभरानं उठतो आन चहा पितो. समाधी घेतेत ते जिवंतपणी खड्ड्यात उतरतेत आन वरनं दगड बसतो. सरांच्या बडोद्याच्या मराठीत लावणं आन घेणं दोन्ही एकच. हे आता कळतंय. तवा मला बी तेच कळलं, जे गावाला कळलं.

मग पुढच्या रांगेतल्यांनी हात जोडले. मग मागच्यांनी. आप्पांनी लिंग डबीत ठेवलं, सरांकडं बघितलं आन मान डोलावली.

घरी आल्यावर म्या आप्पांना विचारलं, सर काय म्हणले ते ऐकलं का. ऐकलं, म्हणले. पुढं काय न्हाय. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडातनं शब्द आला, आन तो असला. मालकांना विचारलं तर ते भिंतीकडं बघत म्हणले, देवमाणसाच्या आड यायचं नसतं. कालपर्यंत ज्यांना कधी पाणी विचारलं न्हाय, ते बाप एका सकाळीत देवमाणूस झाले व्हय, असं म्या तोंडावर बोलले. मालक उठून बाहेर गेले. बाहेर माणसं त्यांच्या पाया पडायला उभी होती.

आप्पांच्या न्हाय, मालकांच्या पाया. हे समजून घ्या, न्हायतर त्या माणसाला तुमी नुसता राक्षस म्हणाल. उभा जन्म दुसऱ्यांना खुर्च्या उचलून दिल्या त्यांनी. आता शाळंतल्या मोठ्या सरांनी, हेडमास्तरांनी, हापिसात बोलावून त्यांना खुर्ची दिली, शेजारी बसवलं. ते घरी येऊन मला परत परत सांगत होते, मोठे सर स्वतः उठले गं, स्वतः उठले. लग्न झाल्यापासून त्यांचं तोंड एवढं उजळलेलं म्या कधी बघितलं न्हवतं. मला त्यांची कीव आली आन भ्या बी वाटलं.

म्या योगाच्या सरांकडं गेले. देवळामागं त्यांची खोली होती. शेवटाला काय करायचं असतं, घरच्यांनी कसं वागायचं, असं विचारलं. दुसरं काय विचारणार, जे ठरलंय ते ठरलंय असं वाटत होतं. ते लई मायेनं म्हणले, "ताई, घाबरू नका. त्या वेळी कोणी रडायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, त्यांना हात लावायचा नाही. शांतपणे जाऊ द्यायचं."

जाऊ द्यायचं. असा गोड हसणारा माणूस म्या आयुष्यात बघितला न्हाय. ह्यानं आजपर्यंत किती गावांत किती म्हातारे असे घालवलेत कुणास ठाऊक, असं मनात आलं. त्या माणसाला घटकाभर म्या खुनी समजले, देवाशप्पथ.

मग धुळाप्पा सुतळी घेऊन आले. आप्पा खुर्चीत बसले होते. धुळाप्पांनी खाली बसून त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं, टाचंपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली आन गाठ मारली. मला वाटलं, समारोपाला सत्कार करतेत तर नवीन चप्पल घेणार असतील. म्या येडी आतनं म्हणते, अंगठ्याला जरा सैल घ्या, त्यांचं नख दुखतंय. धुळाप्पा माझ्याकडं बघत राहिले. आमच्यात खड्ड्याचं माप ज्याचं त्याच्या पावलानं घेतेत, हे मला ते गेल्यावर आठवलं. आप्पा आपल्या पावलाकडं बघत बसले होते.

रानात चिंचंखाली अव्वाच्या ओट्याशेजारी खणायला लागले. लपूनछपून न्हाय, दिवसाढवळ्या. कोण घमेलं उचलतंय, कोण पाणी घेऊन जातंय. शेजारच्या गावांनी भजनी मंडळं ठरवली. झेंडूची ऑर्डर गेली. आन ह्या सगळ्यात कुणाचा आवाज चढलेला न्हाय, कुणी वंगाळ बोलत न्हाय. मला बघितलं की बाया बाजूला होऊन वाट द्यायच्या. दीपाली, तू लई पुण्यवान, म्हणायच्या. मला घास गिळंना झाला.

आप्पा मात्र जेवत होते. पहिल्यापेक्षा चांगले जेवत होते. एकदा भाकरी मागून घेतली, तर म्या चुलीपुढं रडले.

समारोपाच्या आदल्या दिवशी सर गाडीवरनं आमच्या रानाकडनं चालले होते. म्या रस्त्यात उभी राहिले. म्हणलं, एकदा बघून तरी घ्या तुमचं काम. त्यांना वाटलं कसलं तरी श्रमदान दाखवते. आले. खड्ड्याच्या कडंला उभे राहून मान वाकवून आत बघितलं. आतला कोनाडा लिपून झाला होता.

"छान. शोषखड्डा आहे का?" त्यांनी विचारलं.

म्या म्हणलं, "आप्पांचा हाय. उद्या तुमीच बसवणार न्हवं त्यांना."

आधी त्यांना कळलंच न्हाय. मग अव्वाचा ओटा बघितला, मग परत खड्डा. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरताना म्या बघितलं. तिथंच ढेकळात बसले आन डोकं धरलं. अहो समाधी म्हणजे ध्यान, ताई, ध्यान, उठतात त्यातून, असं म्हणत राहिले. मला आधी हसू आलं, मग त्यांच्या गालफडात द्यावीशी वाटली. एवढ्या साऱ्या योगांची घराणी पाठ, आन ज्या गावात शिकवायला आलाय तिथं समाधी कशाला म्हणतेत हे विचारायचं सुचलं न्हाय ह्या माणसाला.

सरांनी त्याच संध्याकाळी माईकवरनं सांगितलं. माझी चूक झाली, लावतील म्हणायचं होतं, घेतील म्हणालो. ध्यान आहे, मरण नाही. हात जोडले, डोळ्यात पाणी आलं होतं त्यांच्या. गावानं शांतपणे ऐकून घेतलं. मग धुळाप्पा उठले आन लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणले, "सर, भ्या वाटतं. येळ जवळ आली की सगळ्यांनाच भ्या वाटतं. तुमी बसा." सरांनी मालकांकडं बघितलं. मालक झेंडूच्या माळा मोजत होते, त्यांनी मान वर केली न्हाय.

तवा मला कळलं की हे आता शब्दावर राहिलेलं न्हाय.

सकाळी माणूस मावंना रानात. ट्रॅक्टर भरून लोक आले होते. सरांनी पोलीस ठाण्याला फोन लावला होता, गाडी निघालीय म्हणत होते, पण हायवेवर ट्रक उलटला होता आन वाहतूक तुंबली होती. आप्पांना आंघोळ घालून, विभूती लावून आणलं. पांढरं धोतर, तळव्यावर लिंग. चालत आले, कुणाचा हात धरला न्हाय. मालक त्यांच्या पुढं, छाती काढून. बाप-लेक एका वाटंनं चाललेत हे म्या पहिल्यांदा बघितलं आन ते खड्ड्याकडं चालले होते.

म्या गर्दीतनं घुसले. सुनंनं सासऱ्याला शिवायचं नसतं एवढ्या माणसांत, पण म्या त्यांचा दंड धरला. भजन चालू होतं, त्यामुळं आमचं बोलणं आमच्यातच राहिलं. म्हणलं, आप्पा, सरांची चूक झाली हो, त्यांचा शब्द चुकला, ते ध्यानाचं बोलत होते.

आप्पा म्हणले, "मला ठावं हाय."

मला वाटलं म्या चुकीचं ऐकलं.

"सरांची समाधी मला रोज लागती. त्यातनं माघारी यावं लागतं, दीपाली. मला माघारी यायचं न्हाय."

पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं त्यांना. मान डोलावली तवापासनं. गाव फसलं, सर फसले, म्या फसले, एकटे आप्पा फसले न्हवते. मला असला राग आला म्हणता, वाटलं म्याच ढकलून द्यावं. म्या म्हणलं, आन ही एवढी माणसं राबली, त्यांना का सांगितलं न्हाय? ते म्हणले, "वाट बघत होतो. कुणी 'नका' म्हणतंय का."

त्यांची नजर मालकांकडं गेली. मालक खड्ड्यात उतरून कोनाड्यात बेलपानं पसरत होते, लई मन लावून, एक एक पान सरळ करत.

माझ्या लक्षात आलं, म्या बी न्हवतं म्हणलं. सरांना विचारलं, मालकांशी भांडले, चुलीपुढं रडले. ज्यांना म्हणायचं त्यांना म्हणलं न्हवतं.

"म्या म्हणते," म्या म्हणलं. "नका."

मग त्यांनी लिंग कपाळाला लावलं, डबीत ठेवलं आन वळले. भजन एकदम थांबलं न्हाय, मागच्यांना कळायला येळ लागला. लोक बाजूला होईनात. वाट अडवली असं न्हाय, नुसते उभे राहिले, आन आमी अंग चोरत मधनं निघालो. जाता जाता बी माणसं आप्पांच्या पायाला हात लावत होती. कडूबाईनं तेवढी माझी पाठ थोपटली.

मागं म्या एकदाच बघितलं. मालक खड्ड्यातच उभे होते. डोकंच तेवढं वर दिसत होतं, आन सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती.

ठाण्याची गाडी ऊन चढल्यावर आली. मालकांनी शोषखड्डा हाय म्हणून सांगितलं. सर त्याच दिवशी गेले. जाताना आप्पांच्या पायावर डोकं ठेवून बराच येळ बसले. म्या त्यांना पाणी दिलं. राग होताच, पण गावात खरं बोललेला तेवढा एकच माणूस होता.

मला वाटलं, सुटलो. कुठलं सुटतो. खड्डा बुजवा म्हणलं तर धुळाप्पा म्हणले, उकरलेला खड्डा मोकळा बुजवत न्हाईत, अपशकुन असतो, त्यात कुणीतरी बसायला लागतंय. मालकांनी वर चार पत्रे टाकले आन दगड ठेवले. माणसं यायची थांबली न्हाईत. घरी येऊन आप्पांपुढं बसायची, पाया पडायची आन लई आदबीनं विचारायची, आता कधी? चांगली माणसं, लेकीबाळी असलेली. आप्पा खाली बघायचे. मालकांना शाळंत परत उभं राहायला लागलं होतं. घरात आले की ते बापाकडं बघायचे, पूर्वी कधी बघत न्हवते तसं, टक लावून.

एक दिवस परगावचं जोडपं आलं आन त्येच विचारलं. आप्पा म्हणले, शिवपुत्राला विचारा. मालक दारात बूट घालत होते. नाडी बांधता बांधता, मान वर न करता ते म्हणले, "अमुशेच्या आत."

म्या हातातलं पीठ झटकलं. आप्पांची दोन धोतरं पिशवीत भरली, त्यांना चप्पल घातली आन एस्टीत बसवून कळंबला माझ्या माहेरी आणलं. सासऱ्याला घेऊन माहेरी आलेली सून आमच्या सात पिढ्यांत झाली नसंल. माझ्या भावानं दारातच विचारलं, हे काय गं. म्या म्हणलं, पाहुणे हायत, आत घे.

इथं बरं हाय. आप्पा सकाळी गच्चीवर बसतेत, लिंग हातावर घेऊन, आन उठून खाली येतेत. रोज खाली येतेत तोवर म्या जिन्यात उभी असते. माझ्या वहिनीशी थोडं बोलतेत बी, भाजीत मीठ कमी पडलं म्हणतेत. अमुशा येऊन गेली. नवरा हाय, संसार हाय, परत जायला लागंलच, हे मला कळतंय. म्या फक्त एका गोष्टीची वाट बघत होते, मालकांनी एकदा तरी बापाची चौकशी करावी.

काल त्यांचा फोन आला. आवाज मऊ होता. जेवलीस का विचारलं. मग म्हणले, आप्पा कसे हायत?

देवा, आला बाबा माणूस ताळ्यावर, असं वाटलं. म्या म्हणलं, बरे हायत.

मग ते म्हणले, "अजून?"